नस मोकळी झाली पण मान पडली: निपाणी भागातली एक केस

मी फिजिओथेरपिस्ट आहे, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात घरोघरी जाऊन पेशंट बघते. खालची केस मानेतली स्पाइनल कॉर्ड (मज्जारज्जू) दाबली जाण्याच्या आजाराची आणि त्याच्या ऑपरेशननंतर मान पुढं पडण्याची आहे. ती लिहायला पेशंट मावशींची आणि त्यांच्या मुलाची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. यात माझ्याही चुका आहेत, त्या तशाच लिहिल्यात कारण दुसऱ्या कुणाच्या पेशंटला त्याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

मावशी ६७ वर्षांच्या, वजन ४१ किलो, शुगर आठ वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. बारा-तेराव्या वर्षापासून विड्या वळत आलेल्या. ज्यांनी हे काम जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली तेंदूची पानं, आणि सकाळी धुणीभांडी आटपल्यापासून दिवेलागणीपर्यंत मान खाली घालून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, मान सरळ असेल तर ते पेललं जातं, पण मान ६० अंश पुढं वाकली की मानेच्या मणक्यांवर २७ किलोच्या आसपास भार येतो असा एका मॉडेलचा हिशोब आहे. मावशींनी पन्नासेक वर्षं असंच काम केलं.

२०२१ च्या शेवटी त्यांच्या विडीचा दोरा सैल बसायला लागला. ठेकेदार छाट (नापास विड्या) जास्त काढायला लागला, दिवसाला आठशे-नऊशे वळणारी बाई तीनशेवर आली. घरच्यांना वाटलं वय झालं. गावात बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, कुणी वात म्हणालं, कुणी शुगरनं नसा गेल्यात म्हणालं, आणि शुगरनं हात बधिर होतात हेही खरंच आहे, म्हणून तर हा आजार एवढा लपून राहतो. मग ब्लाऊजची हुकं लागेनात, अंधारात चालताना तोल जाऊ लागला, मोरीच्या उंबऱ्याला अडखळून दोनदा पडल्या. तेव्हा कुठं एमआरआय झाला. सी३ ते सी६ (मानेचा तिसरा ते सहावा) या मणक्यांच्या मागं स्पाइनल कॉर्ड दाबली गेलेली, कॉर्डमधे पांढरा डागही दिसत होता. यालाच सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. हातापायाची ताकद, चालणं, लघवी हे सगळं धरून एमजेओए नावाचा स्कोअर काढतात, तो पूर्ण निरोगी माणसाचा १८ असतो, मावशींचा ११ होता, म्हणजे सिव्हिअर गटात. अशा वेळी ऑपरेशनला पर्याय जवळजवळ नसतो, व्यायामानं दाबलेली कॉर्ड सुटत नाही.

पहिलं ऑपरेशन

ऑगस्ट २०२२ मधे लॅमिनेक्टमी झाली. म्हणजे मणक्यांच्या मागच्या कमानी काढून कॉर्डला जागा करून दिली, स्क्रू-रॉड टाकले नाहीत. सर्जननी मुलाला जे सांगितलं ते पटण्यासारखंच होतं, हाडं ठिसूळ दिसतात, स्क्रू धरणार नाहीत, ऑपरेशन लहान राहील, रक्त कमी जाईल, खर्चही कमी.

पण यात एक गोष्ट सुटली होती, आणि ती मला फाईल चाळताना सात महिन्यांनी दिसली. ऑपरेशनच्या आधी एमआरआय होता, तो झोपवून काढलेला. उभं करून काढलेला मानेचा साधा एक्स-रे फाईलमधे नव्हताच. झोपल्यावर डोक्याचं वजन उशी घेते, मान कशी उभी राहते हे त्यात कळत नाही. आणि झोपूनसुद्धा मावशींच्या मानेचा नैसर्गिक मागचा बाक गेलेला होता, मान काठीसारखी सरळ होती. अशा मानेच्या मागच्या कमानी काढल्या की पुढं वाकण्याचा धोका वाढतो हे स्पाइनच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. मागच्या कमानी, त्यांच्यामधले लिगामेंट आणि त्यांना चिकटलेले स्नायू म्हणजे मांडवाच्या खांबाला मागून बांधलेला दोर, तो सोडला आणि पुढून ओढ चालूच राहिली तर खांब हळूहळू पुढं झुकतो.

दुसरी सुटलेली गोष्ट म्हणजे मावशी स्वतः. शुगर, बीपी, ईसीजी, छातीचा फोटो, भूलतज्ज्ञांचा फिटनेस, सगळं झालं होतं. पण त्यांची मूठ किती आवळते, चार मीटर चालायला किती सेकंद लागतात, वर्षभरात वजन किती उतरलंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिले पाच महिने

सुरुवात चांगली झाली. सहा आठवड्यांत हाताला पकड आली, मूठ उघडझाप करायची दहा सेकंदांची टेस्ट असते, त्यात ऑपरेशनआधी ९ वेळा व्हायचं ते १५ वर आलं. घरात आनंद. मी आठवड्यातून एकदा जायचे, सगळं लक्ष हातावर आणि चालण्यावर.

घरात काय चाललं होतं ते मला उशिरा कळलं. टाके पिकतील म्हणून भात बंद, डाळ बंद, अंडं तर नावच नको. शेजारच्या बायकांनी सांगितलं आणि सुनेनं काळजीपोटी पाळलं, तिची काही चूक नाही, डिस्चार्ज कार्डवर जेवणाबद्दल एक ओळ नव्हती आणि जे होतं ते इंग्रजीत. मावशी दोन महिने भाकरीचा चतकोर आणि दूध-चहावर होत्या. वजन ४१ वरून ३७ झालं. हे ३७ मी जानेवारीत पहिल्यांदा मोजलं. ऑगस्टनंतर थेट जानेवारीत.

आणि कॉलर. सर्जननी मऊ कॉलर (मानेचा पट्टा) सहा आठवडे सांगितला होता. सहा आठवड्यांनी मावशी म्हणाल्या, "ह्यो काढला की मान दमतीया गं पोरी, असूं दे की." मी असू दिला. जवळजवळ चार महिने. मान दमते याचाच अर्थ स्नायू कमी पडतायत आणि त्यांना काम द्यायला पाहिजे हे मला कळायला हवं होतं, मी त्या दमण्यावर पांघरूण घातलं.

नेमका प्रॉब्लेम कधी दिसला

संक्रांतीनंतरची भेट. मी दारात उभी, मावशी कॉटवर बसलेल्या, आणि वर न बघता म्हणाल्या, "आली काय माझी डाक्टरीन." मी विचारलं कसं ओळखलंत, तर म्हणाल्या, "चपलावरनं. सगळी मान्सं आता चपलावरनंच वळखतो मी." आमच्याकडच्या बायका "मी जातो, मी वळखतो" असंच बोलतात. पण ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

मग बघायला लागले तर सगळंच दिसायला लागलं. जेवताना ताट दुसऱ्या हातानं उचलून तोंडाजवळ धरत होत्या. पाणी पिताना ठसका. दुपारनंतर दोन्ही खांद्यांच्या मधे आग. सकाळी मान थोडी वर, संध्याकाळी हनुवटी छातीला लागायच्या बेतात. भिंतीला पाठ लावून उभं केलं तर डोक्याचा मागचा भाग भिंतीपासून १४ सेंटीमीटर लांब. हे माप घ्यायला टेप आणि एक मिनिट लागतं, आणि मी ते पाच महिन्यांत एकदाही घेतलं नव्हतं.

मार्चमधे उभं राहून एक्स-रे काढला. सी२ ते सी७ मधे मागं असायला हवा तो बाक उलटा होऊन २८ अंश पुढं. सी२ च्या मध्यातून सरळ खाली रेघ सोडली तर ती सी७ च्या ५२ मिलिमीटर पुढं पडत होती, हे अंतर ४० मिलिमीटरच्या वर गेलं की त्रास आणि परावलंबन वाढतं असं अभ्यासात दिसलंय. एक चांगली बातमी त्यातच होती, उताणं झोपवून काढलेल्या एक्स-रेमधे तो २८ चा ९ अंश होत होता. म्हणजे मान अजून लवचिक होती, वाकलेल्या जागी मणके जुळून घट्ट झाले नव्हते.

कोणते पर्याय होते

मुलानं दोन ठिकाणी ओपिनियन घेतलं. एका सर्जननी सांगितलं पुढच्या आठवड्यात ऍडमिट करा, कॉर्ड परत ताणली जातीय. दुसऱ्यांनी सांगितलं या वयात, या तब्येतीला टेबलवर घेऊच नका, चांगला कॉलर घ्या आणि आहे तसं सांभाळा. दोन्ही डॉक्टर अनुभवी. मुलगा कागलच्या एमआयडीसीत शिफ्टमधे काम करतो, तो रात्री अकराला फोन करून मला विचारायचा की ताई तुम्हीच सांगा कुणाचं ऐकू.

मी ठरवायची गोष्ट ती नव्हतीच. पण मी एक काम करू शकत होते, मावशी किती थकलेल्या आहेत ते मोजून देणं. लिंडा फ्रीड यांच्या २००१ च्या निकषांत पाच गोष्टी बघतात, वजन उतरणं, सतत थकवा, मुठीची ताकद कमी, चाल मंद, हालचाल कमी. तीन असल्या की माणूस फ्रेल, म्हणजे शरीरानं पार थकलेला, धरतात. मावशींना पाचपैकी चार होत्या. मूठ ११ किलो (आशियाई बायकांसाठी १८ च्या खाली कमी धरतात), चाल सेकंदाला ०.५५ मीटर, हात न टेकता कॉटवरून सलग पाचदा उठणं जमलंच नाही, दुसऱ्यांदाच बसल्या. डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) केली तर टी-स्कोअर उणे ३.१, म्हणजे हाडं ठिसूळ. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.२. व्हिटॅमिन डी ११, तेही कमी.

हा कागद घेऊन तिसऱ्या सर्जनकडं गेलो, बेळगावात. त्यांनी आधी मावशींचा हात हातात घेऊन मूठ आवळायला लावली, मग एक्स-रे बघितला. त्यांचं म्हणणं असं. लगेच ऑपरेशन केलं तर मोठं ऑपरेशन, ठिसूळ हाडात स्क्रू, शुगर ९ च्या वर, जखम चिघळायची आणि स्क्रू निसटायची भीती. काहीच नाही केलं तर मान अजून वाकणार, आज लवचिक आहे ती उद्या घट्ट होणार, मग पुढून आणि मागून दोन्हीकडून ऑपरेशन करावं लागेल जे या बाईला अजिबात झेपणार नाही. म्हणजे थांबायचं, पण रिकामं थांबायचं नाही आणि अमर्याद पण नाही. बारा आठवडे. तोपर्यंत शरीर बांधायचं, आणि दर आठवड्याला चार गोष्टी तपासायच्या: मुठीची दहा सेकंदांची टेस्ट, चाल, लघवीवरचा ताबा, ठसका. यातलं काहीही घसरलं तर बारा आठवडे विसरायचे आणि त्याच दिवशी फोन.

मला हा सगळ्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो. "अजून थांबू या" आणि "बारा आठवडे, या अटींवर" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पेशंट घरी विसरला जातो.

काय केलं

जेवणापासून सुरुवात. किलोमागं १.२ ग्रॅम प्रोटीन धरलं तर रोज ४५ ते ५० ग्रॅम लागत होतं, मावशी खात होत्या अंदाजे २०. पावडरचा डबा आणायची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. सकाळी दोन अंडी, दुपारी घट्ट डाळ आणि ताक, चार वाजता मूठभर शेंगदाणे कुटून (चावायला त्रास होता म्हणून), रात्री हुलग्याचं माडगं आणि झोपताना दूध. माडगं दाट असल्यानं ठसका लागत नव्हता, पाण्यानं लागायचा. सुनेला मी विचारलं, टाके तर कधीच भरलेत, आता काय पिकणार आहे? ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून अंडं सुरू झालं.

शुगरसाठी फिजिशियननी गोळ्या बदलून इन्शुलिन दिलं. हाडांसाठी टेरिपॅराटाइड, रोज एक इंजेक्शन, पेन फ्रिजमधे ठेवायचं. घरात फ्रिज नव्हता, शेजारच्या किराणा दुकानाच्या फ्रिजमधे ताकाच्या पिशव्यांशेजारी त्याचा डबा राहिला, आणि लाईट जास्त वेळ गेली तर बर्फाचा थर्मास. सून आठ दिवसांत पेन टोचायला शिकली.

व्यायाम अगदी साधे. कॉटच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा घातल्या, उंचीवरून हात न टेकता उठणं जमायला लागलं, तीन आठवड्यांनी एक वीट काढली, सात आठवड्यांनी दुसरी. उताणं झोपून डोकं उशीत हलकं दाबायचं, पाच सेकंद, दहा वेळा, दिवसातून तीनदा. खांद्याची पाती मागं ओढणं. वॉकर धरून अंगणात फेऱ्या. कॉलर फक्त जेवताना आणि गाडीत. मधेच एका पाव्हण्यानं मान बसवणाऱ्याकडं न्यायचा घाट घातला होता, एक झटका दिला की सरळ होतीय म्हणून. मुलानं मला फोन केला, मी त्याला हात जोडून सांगितलं की मागच्या कमानी काढलेल्या मानेला झटका म्हणजे हातपाय कायमचे जाऊ शकतात, आणि तो दारातच आडवा उभा राहिला.

बारा आठवड्यांनी वजन ३९.५, मूठ १४ किलो, चाल ०.७५, हात न टेकता पाच उठाबशा १७ सेकंदांत, एचबीएवनसी ७.४. मान मात्र काही सरळ झाली नव्हती, ती होणार नाही हे आधीच सांगितलं होतं, तरी मावशी नाराज झाल्या. ही सगळी मेहनत मानेसाठी नसून मानेच्या ऑपरेशनसाठी आहे हे पेशंटला परत परत सांगावं लागतं.

दुसरं ऑपरेशन

जुलै २०२३. सी२ ते टी२ (मानेचा दुसरा ते पाठीचा दुसरा मणका), फक्त मागून, स्क्रू आणि रॉड. मान लवचिक असल्यामुळं टेबलवर पोझिशन देतानाच बरीचशी सरळ झाली.

दुसऱ्या रात्रीपासून डिलिरियम, म्हणजे भान हरपून भ्रम होणं. मावशींना वाटत होतं की त्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसल्यात, तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. रात्री दोनला ओरडायच्या, "उठू नगासा गं, पोलीस आल्यात!" आणि जखमेतली ड्रेनची नळी ओढायला बघायच्या. रात्रपाळीच्या सिस्टर विजयपूरकडच्या, फक्त कानडी, मावशींना कानडी चार शब्द येतात आणि ऐकायला कमी. दोघींची तारांबळ. तिसऱ्या दिवशी मी एका पुठ्ठ्यावर नीरू-पाणी, नोवू-दुखणं, ऊटा-जेवण असे मोठ्या अक्षरात दोन्ही लिपींत लिहून कॉटला बांधलं, चष्मा घातला, खिडकीकडं तोंड केलं, सुनेला रात्री थांबायची परवानगी मागितली. पाचव्या दिवशी माणसात आल्या. फ्रेल माणसाला डिलिरियम होण्याची शक्यता जास्त, हे माहीत असून आम्ही चष्मा घरी विसरलो होतो.

शिवाय डावा हात खांद्यातून उचलेना, सी५ पाल्सी, म्हणजे मानेतून खांद्याला जाणारी नस कमजोर पडणं. मानेतला दाब काढायच्या ऑपरेशननंतर काही पेशंटना होते आणि बहुतेकांची काही महिन्यांत भरून येते, पण घरच्यांना आधी ठळकपणे सांगितलेली नसेल तर त्यांना वाटतं हात गेला. आमच्या सर्जननी सांगितली होती, म्हणून मुलगा शांत राहिला. चार महिन्यांत हात डोक्यापर्यंत आला, पूर्ण ताकद आलेली नाही.

आत्ताची स्थिती

चौदा महिन्यांनंतरच्या एक्स-रेत पुढचा बाक ६ अंश, ५२ मिलिमीटरचं अंतर ३३ वर, स्क्रू जागेवर. एमजेओए १३. भिंतीपासून डोकं ६ सेंटीमीटर. ठसका क्वचित. मावशी समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलतात.

पण मान आता वाकत नाही. पायाखालचं दिसत नाही म्हणून पायऱ्यांना कठडा बसवायला लागला, आंघोळीला उंच स्टूल. विड्या बंद, मांडीवरचं सूप त्यांना दिसतच नाही. घरातली ती मिळकत गेली ती गेलीच, आणि त्यांना त्याचं वाईट वाटतं, पैशापेक्षा पन्नास वर्षांचा हात रिकामा राहतो याचं. ऑपरेशनच्या आधी आम्ही दुखणं, ठसका, हातपाय सगळ्यावर बोललो, पण काम सुटणार हे कुणी त्यांच्याशी सरळ बोललं नाही. बोलायला हवं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच ऑपरेशनला स्क्रू टाकायला हवे होते का, हे मला खूप जण विचारतात. मान आधीच सरळ होती, म्हणजे टाकण्याच्या बाजूनं कारण होतं. हाड उणे ३.१ चं, म्हणजे न टाकण्याच्या बाजूनंही होतं. मी पहिल्या सर्जनना दोष देणार नाही. पण उभं राहून काढलेला एक एक्स-रे आणि एक डेक्सा आधी असती, तर तो निर्णय डोळे उघडे ठेवून झाला असता आणि निदान "मान पुढं वाकू शकते, लक्ष ठेवा" हे घरच्यांना आणि मला कळलं असतं. मायलोपॅथी वाढत असताना बारा आठवडे थांबता येत नाही, हेही खरं. पण दोन आठवडे अंडी-डाळ, शुगर आणि व्हिटॅमिन डी एवढं तेव्हाही जमलं असतं, आणि ऑपरेशननंतरचं जेवण तर शंभर टक्के.

माझ्या बाजूनं तीन गोष्टी. कॉलर सहा आठवड्यांनी हळूहळू सोडवायला हवा होता. वजन दर महिन्याला घ्यायला हवं होतं. आणि भिंतीचं माप पहिल्या भेटीपासून. आता मी मानेच्या प्रत्येक पेशंटच्या घरी भिंतीवर पेन्सिलीनं खूण आणि तारीख लिहिते, घरच्यांना टेप धरायला शिकवते. ऑपरेशन ठरलेल्या पेशंटचं मूठ, चाल, उठाबशा आणि वजन एका कागदावर लिहून सर्जनकडं पाठवते, मागितलं नसलं तरी. बहुतेक जण वाचतात.

कागदांचाही एक मुद्दा आहे जो आपल्याच भागात जास्त नडतो. मावशींचं रेशन कार्ड कर्नाटकचं, मुलाची नोकरी महाराष्ट्रात, एमआरआय कोल्हापूरचा, पहिली फाईल एका गावाची, दुसरी बेळगावची. प्रत्येक ठिकाणी अर्धीच गोष्ट पोचत होती. आता सुनेनं सगळं एका प्लास्टिक फोल्डरमधे तारखेप्रमाणं लावलंय, वर मराठीत एक पान, काय झालं, कधी झालं, कोणती औषधं चालू.

टेरिपॅराटाइड सहसा २४ महिन्यांच्या वर देत नाहीत, आणि ते थांबवून नुसतं बसलं तर कमावलेलं हाड परत उतरतं, लगेच दुसरं औषध सुरू करावं लागतं. मावशींचे २४ महिने एप्रिल २०२५ ला भरणार होते. त्याच्या आधी गेले तेव्हा २०२५ चं नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं होतं, एप्रिलच्या पानावर सुनेनं लाल पेनानं गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, "आत्याचं इंजेक्शन संपतंय, बेळगावला फोन करणे".